पदूचे चिंचोके

भिसेगाव, कर्जत
१५ जून १९८६

पारू, जयभीम.

शेजारच्या जानकीबाईंचा दीर रसायनीला कारखान्यात जातो. त्याच्या हाती पदूचे दोन फ्रॉक आणि रेनकोट पाठवते आहे. रेनकोटाची वरची दोन बटणं तुटली आहेत. ती मी तोडलेली नाहीत, पोरीनंच तोडली. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवशी तू माझ्या घरातल्या प्रत्येक मोडक्या वस्तूकडं बघत होतीस आणि मग माझ्याकडं.

तू पदूला घेऊन गेलीस त्याला तीन आठवडे झाले. वाटलं होतं, पहिलं पत्र तू टाकशील. लहान बहीण आहेस. आता मीच लिहिते.

पोरगी नऊ वर्षांची झाली तरी एका जागी बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि सकाळी सहापासून तिच्यामागं धावणं वेगळं. तिला एक गोष्ट तीनदा सांगावी लागते. पहिल्यांदा ती ऐकत नाही, दुसऱ्यांदा ऐकते आणि विसरते, तिसऱ्यांदा आपला आवाज चढलेला असतो. साय आलेलं दूध पीत नाही. चपला वाटेल तिथं काढते आणि अनवाणी घरी येते. गेल्या वर्षात चार जोड झाले. छत्री, पाटी, माझी कात्री, तुझ्या दाजींचा रेल्वेच्या शेडवर न्यायचा डबा, तिच्या हाती दिलेलं काही परत येत नाही. तुमच्या कॉलनीच्या रस्त्याला टँकर असतात. नजर ठेव.

शाळेचं तर तुला सांगितलंच. गुरुजींनी वर्षभर तिला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवलं, तिसरीत नापास केलं आणि मला म्हणाले, बाई, हिला घरीच ठेवा, बाकीच्या मुलांचं नुकसान होतं. मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी होते. पाठीमागं दोन बाया हसत होत्या. तू नव्हतीस तिथं.

आणि त्या दिवशी दारात उभी राहून तू जे बघितलंस ते रोजचं नाही, पारू. जुन्या पातळाची पट्टी होती, मऊ. गाठही सैल होती. खाटेच्या पायाला एक पाय बांधलेला, बाकी ती मोकळीच होती. पाढे होईपर्यंत बसावी एवढंच. दोनदा केलं असेल, फार तर तीनदा. तू खाली बसलीस, गाठ सोडलीस आणि म्हणालीस, "ताई, एक वर्ष दे मला हिला." भांडं उसनं मागावं तसं. आणि तुझे दाजी लगेच हो म्हणाले.

बघ एक वर्ष. तू शिक्षिका आहेस, शिकलेली आहेस. आई आजारी पडली तेव्हा सातवीतून शाळा सोडून कळंबला चुलीपाशी कोण बसलं आणि त्यामुळं कोणाला शिकता आलं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आजही दाखवत नाही.

पदूच्या खोकल्यासाठी अडुळशाचा पाला पिशवीत ठेवला आहे.

गोदा


भिसेगाव
२४ ऑगस्ट १९८६

पारू,

गेल्या रविवारी हे तुझ्याकडून आले ते घरात पाऊल ठेवल्यापासून बोलतच होते. हा माणूस एरवी शेडवरनं आला की जेवण्याखेरीज तोंड उघडत नाही. त्या रात्री दोनदा भात घेतला आणि मध्येच हसले.

म्हणे पदूनं पुस्तकातलं एक अख्खं पान वाचून दाखवलं, ओळीखाली बोट ठेवून. मध्ये दोनदाच उठली. पान संपल्यावर तू काचेच्या बरणीत एक चिंचोका टाकलास आणि पोरीचं तोंड असं फुललं की यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच गणितांना एक चिंचोका, एका पानाला एक, दप्तर जागेवर ठेवलं की एक. दहा झाले की दहा मिनिटं तो खेळ.

त्या खेळाचंही यांनी सगळं सांगितलं. तुझ्या चंदररावांचा चुलतभाऊ कान्हा मस्कतहून आला तेव्हा घेऊन आलेला व्हिडिओ गेम. तळहाताएवढा, सेलवर चालणारा. काचेत एक माळी टोपली घेऊन इकडं तिकडं पळतो, वरनं फळं पडतात, ती झेलायची. प्रत्येक फळाला टिक वाजतं आणि आकडा वाढतो. जिला मी दोन मिनिटं बसवू शकले नाही ती पदू त्याच्यापुढं अर्धा अर्धा तास हलत नाही. तू यांना म्हणालीस म्हणे, "दाजी, पोरगी बसू शकते. ती कशापाशी बसते ते बघायला पाहिजे." मग तू अभ्यासाचेच तसे तुकडे केलेस. लहान डाव, लगेच टिक, लगेच फळ.

हुशार आहेस. लहानपणापासून होतीस.

तिला मुंबईला डॉक्टरांना दाखवलंस, हे मला यांच्या तोंडून कळावं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल वाईट नाही, त्याचं मन थांबत नाही, त्याला इंग्रजी नाव आहे, हायपर असं काहीतरी. मारून उपयोग नाही, लगेच शाबासकी द्या. हे ऐकताना आईनं तिथं असायला नको होतं का? की तू त्यांना सांगितलंस, आई बांधून ठेवते?

आता माझं ऐक. तू पोरीला लाच देते आहेस. आपल्याला कोणी चिंचोके देऊन शिकवलं नाही. अण्णा दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून यायचे आणि कंदिलापाशी बसवायचे, आपण बसायचो. उद्या ही पोरगी पाण्याचा तांब्या द्यायलाही चिंचोका मागेल. आईचं काम काही बरणीत मोजता येत नाही. स्वतःचं मूल असतं तर तुला हे कळलं असतं.

दाजी म्हणतात, पदू खुशाल आहे. मी त्यांना ते विचारलं नव्हतं. विचारलं होतं की ती माझं नाव काढते का.

गोदा


भिसेगाव
१६ नोव्हेंबर १९८६

पारू,

दिवाळीची सुट्टी संपली, काल हे पदूला तुझ्याकडं सोडून आले. सोबत जो निरोप दिला तो तुला मिळालाच असेल. तरी मीच नीट लिहिते.

तू तिच्याबरोबर दिलेली वही मी वाचली. तुझं अक्षर आहे तसंच आहे, गोल गोल. एका वेळी पाचच गणितं. चुकलं तर रागवायचं नाही, नुसतं "परत" म्हणायचं. दिलेला चिंचोका कधी काढून घ्यायचा नाही. कितीही राग आला तरी. हे शेवटचं तू दोनदा अधोरेखित केलं होतंस. तिसऱ्या कुणासाठी असतं तर एकदाच केलं असतंस.

मी केलं सगळं. पहिल्या दिवशी पाच गणितं घातली. तिनं केली, चार बरोबर, एक परत. मी चिंचोका पुढं केला तर हात मागं घेऊन म्हणाली, "असा नाय देयाचा. मावशी आदी पाठीवर हात ठेवते, मंग देते." मी पाठीवर हात ठेवला. माझ्याच पोरीच्या पाठीवर कसा हात ठेवायचा हे तिनं मला सांगितलं.

मग दिवसभर तेच. मावशी भाकरीचे चार तुकडे करून देते. मावशी आधी सांगते आणि मग घड्याळ दाखवते. मावशीला तेवीसचा पाढा येतो. जानकीबाई म्हणाल्या, पोरगी किती सुधारली हो, तुमच्या बहिणीनं माणसात आणली. म्हणजे आधी जनावरात होती आणि तिथं ठेवणारी मी.

आठव्या दिवशी तो खेळ गेला. दुपारी ती पोरांबरोबर नदीवर गेली होती, आली ती हात हलवत. मी विचारलं, खेळ कुठं आहे, तर म्हणाली घरात. घरात नव्हता. सगळं घर उलथंपालथं केलं. उल्हास नदीला अजून पाणी आहे, पडला असेल. तिची सवय तुला माहीत आहे. मी तिला मारलं नाही. वहीत लिहिलं होतंस म्हणून.

खेळ महागाचा होता, चंदररावांना सांग मला वाईट वाटतं. पण खरं सांगू का, गेला ते एका परीनं बरंच झालं. यंत्रावाचून ती तुझ्यापाशी किती बसते तेही कळेल.

गोदा


भिसेगाव
१४ डिसेंबर १९८६

पारू,

तुझं पत्र मिळालं. पदू म्हणते खेळ खिडकीवरच्या फळीवर ठेवला होता, पिठाच्या डब्यामागं. ती असंच म्हणणार. छत्री हरवली तेव्हाही म्हणाली होती शाळेच्या खुंटीला आहे. तू मला विचारतेस, "ताई, नीट बघितलंस ना?" बघितलं. माझं घर दोन खोल्यांचं आहे, तुमच्या क्वार्टरसारखं नाही. फळीवर डबा आहे आणि डब्यामागं भिंत आहे.

तू लिहितेस की सुट्टीवरून आल्यापासून ती परत पहिल्यासारखी झाली. वहीची पानं फाडते, वर्गातून उठून जाते, दप्तर जागेवर ठेवायचं तर त्यात काय काय होतं तेच तिला आठवत नाही. प्रत्येक गोष्ट दहादा विचारते, मी पेन्सिल ठेवली ना, मी दार लावलं ना. चिंचोके मिळाले तरी बरणीकडं बघत नाही. खेळाऐवजी तू सायकलची फेरी ठेवलीस, तीही नको म्हणाली.

मग मावशीच्या हातूनही बिघडते तर.

हे लिहिलं आणि खोडणार होते. राहू दे. मला बरं वाटलं, पारू. चूल पेटवत होते आणि आपोआप हसू आलं. इतके महिने मला वाटत होतं दोष माझ्या हातात आहे.

डिसेंबरात थंडी वाढते. तिला कानाला बांधायला स्कार्फ पाठवते आहे. तू दुसरा घेतला असशील तर हा परत पाठव.

गोदा


भिसेगाव
१८ जानेवारी १९८७

पारू,

तुझं पत्र मंगळवारी आलं. आज रविवार. पाच दिवस ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि रोज काढून वाचलं.

तू लिहिलंस, "ताई, आनंदाची गोष्ट आहे. पदूनं शेवटी कबूल केलं. काल स्वतःहून जवळ आली आणि म्हणाली, मावशी, खेळ मीच नदीत पाडला. मी अजिबात रागावले नाही. खरं बोलायला किती धीर लागतो ते तिला सांगितलं आणि खरं बोलल्याचे पाच चिंचोके दिले. आता ती सुधारेल बघ."

पारू, खेळ माझ्याकडं आहे.

पदूनं तो फळीवरच ठेवला होता, पिठाच्या डब्यामागं, नीट फडक्यात गुंडाळून. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीनं एखादी वस्तू जागेवर ठेवली होती. ती नदीवर गेली आणि मी तो काढला. फेकायचा होता. नदीपर्यंत गेले असते तर फेकला असता. पण दारातून बाहेर पडले नाही. लोखंडी पेटीत तळाशी लग्नातल्या पातळाच्या घडीत ठेवला. ती परत आली तेव्हा मी तिच्याबरोबर खेळ शोधला. फळीवर हात फिरवून दाखवला, बघ, नाही ना? ती म्हणत होती, "मी हितंच ठेवलेला." मी म्हटलं, तू नेहमी असंच म्हणतेस. तिनं डबा स्वतः उतरवून बघितला. मग दुसऱ्यांदा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

का केलं ते विचारशील. त्या सकाळी ती झोपेतून उठली आणि मला मावशी म्हणाली. एवढंच झालं. लगेच आई म्हणाली, पण आधी मावशी म्हणाली.

मला तुझा हेवा आज नाही वाटला. तू शाळेत जायचीस, मी भाकऱ्या थापायची, तेव्हापासून आहे. पण तेव्हा तू माझी होतीस, तुझ्या वेण्या मी घालायची, म्हणून तो गिळता यायचा. मग तू शिक्षिका झालीस, तुझं नाव पाटीवर आलं, तुझा नवरा तुला विचारून काम करतो. मला वाटायचं, असू दे, माझ्याकडं पदू आहे आणि पारूकडं मूल नाही. हे असं मनात वाटायचं, पारू, आणि त्याचा मला आधार होता. ऑगस्टच्या पत्रात मी जे लिहिलं ते रागात सुटलेलं नव्हतं. किती वर्षं ठेवलेलं होतं. आणि एवढं असताना तू माझ्याकडची तेवढी एक गोष्ट नेलीस आणि ती तुझ्या हातात चांगली चालायला लागली.

अजून एक सांगते. नोव्हेंबरापासून रोज दुपारी घरात कोणी नसताना मी तो खेळ काढते. पहिले काही दिवस मला एकही फळ झेलता येत नव्हतं. आता दोनशेपर्यंत जातो आकडा. सेल संपला तेव्हा बाजारातल्या नागू घड्याळवाल्याकडं जाऊन नवा घालून आणला. त्यानं विचारलं पोरासाठी का, मी हो म्हटलं. खेळताना मला कळलं ते असं की, तीन फळं पडली की डाव संपतो आणि लगेच पहिल्यापासून सुरू होतो. मागचा डाव कसा गेला ते तो काढत नाही. टोमणा मारत नाही, उसासा टाकत नाही. पदू त्याच्यापाशी का बसते ते मला चाळीस वर्षांची बाई होऊन पेटीपाशी बसून कळलं. तुला पोरीकडं बघूनच कळलं होतं.

आणि पट्टीचं. दोनदा नव्हे, तीनदा नव्हे. मार्चपासून तू आलीस त्या दिवसापर्यंत रोज. गाठ सैल नव्हती. तिच्या घोट्यावरचा डाग तू बघितला असशील आणि विचारलं नाहीस.

मला आता भीती वाटते ती तुझी नाही. पोरीला तिचं आठवलेलं खरं वाटेना. सगळे जण म्हणतात ती हरवते, तर तिनं हरवलंच असेल. न केलेलं तिनं कबूल केलं आणि त्याला शाबासकी मिळाली. तू त्या पाच चिंचोक्यांचं मनाला लावून घेऊ नकोस, तुला काय माहीत. पण ती पेन्सिल ठेवली का, दार लावलं का असं दहादा विचारते ते यामुळं.

तिला तू सांगू नकोस. मी एक तारखेला रविवारी येते आणि सांगते. यांना काल रात्री जेवताना सांगितलं. ताट सारून उठले, अजून बोलले नाहीत.

गोदा


भिसेगाव
३ फेब्रुवारी १९८७

पारू,

परवा तू दार उघडलंस, पाणी दिलंस आणि आत गेलीस. मी जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. चंदरराव बिचारे दोघींच्या मध्ये उभं राहून, ताई चहा घ्या, ताई बसा, म्हणत होते. तू बोलावंस असं मी केलेलं नाही, तेव्हा तक्रार नाही. पण बाहेर मैदानात पदूशी काय बोलणं झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. काही गाळत नाही.

पाण्याच्या टाकीपाशी दगडावर बसलो. ती बसली कसली, दगडावर चढत होती, उतरत होती. वहीत लिहिलं होतंस तसं मी आधी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हटलं, "पदू, खेळ तू हरवला नाहीस. फळीवरच होता. मी घेतला आणि लपवला."

ती चढता चढता थांबली. "खिडकीवरच्या फळीवर?"

हो, म्हटलं.

"डब्याच्या मागं? फडक्यात?"

"फडक्यात. लाल फडक्यात."

मला वाटलं आता रडेल, मारेल. मी त्यासाठी तयार होऊन आले होते. रात्रभर मनात हेच होतं की ती मला काय म्हणेल. पण तिनं दगडावरनं उडी मारली आणि ओरडली, "मंजे मला आठवत होतं!" आणि पळाली. टाकीच्या राखणदाराची बायको कपडे वाळत घालत होती, तिला जाऊन सांगितलं, मी हरवला नव्हता, मला बरोबर आठवत होतं. त्या बाईला काय कळणार. सायकलवरनं चाललेल्या कुणाला तरी सांगितलं. मग परत माझ्यापाशी येऊन तेच सांगितलं, जणू मीच तिला हे आत्ता सांगितलेलं नव्हतं. तिला माझ्यावर रागवायलाही सवड नव्हती, पारू, इतका तिला आनंद झाला होता.

नंतर जरा शांत झाली आणि म्हणाली, "पन मला तो पान्यात पडताना दिसायचा. डोले मिटले की दिसायचा. ते कसं?"

मी म्हटलं, आम्ही सगळ्यांनी तुला सांगून सांगून तुला तसं दिसायला लागलं. चूक आमची. तिनं विचारलं, का लपवलास. मी ठरवून आले होते की खोटं सांगायचं नाही. सांगितलं, मला मावशीचा हेवा वाटला. हेवा म्हणजे काय, तर तू तिच्यापाशी बसतेस आणि माझ्यापाशी बसत नाहीस, त्याचा मला त्रास होतो.

तिनं थोडा विचार केला. रागानं नाही, गणिताचं उत्तर सांगावं तशी म्हणाली, "तू बांदतेस ना."

मी तिचा घोटा बघितला. डाग अजून आहे. तिथं मी हात ठेवला तर तिनं पाय काढून घेतला, मग थोड्या वेळानं आपणहून परत पुढं केला.

पिशवीतून खेळ काढून दिला. मला वाटलं, लगेच बसेल खेळायला, मी बाजूला बसून बघेन. तिनं उलटा सुलटा करून बघितला, सुरू केला, टिक वाजल्यावर हसली आणि बंद केला. म्हणाली, "आज सातच हायेत. दहा झाल्यावर." मी म्हटलं, आज आईनं आणलाय, आज चालेल. ती नको म्हणाली आणि तो तुला द्यायला घरात पळाली. मी तिथं दगडावर बसून राहिले. माझ्या हातून घेतलेला खेळही तुझ्या नियमानंच खेळायचा. हेवा काही एका रविवारी जात नाही, पारू. तो माझ्याबरोबर गाडीत बसून आला आणि माझ्याबरोबरच परत गेला.

निघताना चंदरराव थांब्यापर्यंत पोचवायला आले. पदू वाटेत दोनदा पुढं पळाली, दोनदा मागं आली. त्यांनी तुझा निरोप सांगितला की पदू मेपर्यंत तुझ्याकडंच राहील, परीक्षा तिथंच देईल, नंतर तिलाच विचारायचं. मी हो म्हटलं. यांनीही घरी आल्यावर हो म्हटलं. दोन आठवड्यांनी यांनी माझ्याशी पहिल्यांदा तोंड उघडलं ते याच्यासाठी. तिलाच विचारायचं म्हणालीस ते बरोबर आहे. ती कुणाचं नाव घेईल ते मला आज माहीत आहे. तरी विचार.

माझं एकच मागणं आहे. दर रविवारी मी तुझ्याकडं येईन, कर्जतहून सकाळची एसटी आहे, चौकला उतरून दुसरी. तू तिचा अभ्यास घेताना मला शेजारी बसू दे. मला शिकवायला येत नाही, तुला येतं, हे लिहायला मला एवढी वर्षं लागली. तू कशी थांबतेस, किती वेळ गप्प राहतेस, चुकलं की तुझा चेहरा कसा असतो, ते मला बघायचं आहे. वहीतलं वाचून ते येत नाही. मी मध्ये बोलणार नाही. बोलले तर सांग, ताई, परत.

ऑगस्टच्या पत्रातलं ते एक वाक्य तू जाळून टाक असं म्हणणार होते. पण तू पत्रं ठेवतेस हे मला माहीत आहे. ठेव. मला परत कधी असं लिहावंसं वाटलं तर दाखव.

येत्या रविवारी साडेदहापर्यंत पोचते. चहा नको, पाणी नको. दार उघडलंस की काहीतरी बोल माझ्याशी. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ताई